वेशीवरचा दोर

आमचे हे, म्हणजे नीळकंठराव, बुलढाण्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात. कोणता समाज कधी बंड करील हे आधीच सांगता येतं, असं त्यांचं ठाम मत. घरातलं दूध कधी उतू जाईल, हे मात्र त्यांना आजवर कळलेलं नाही.

यंदा त्यांचं लक्ष होतं सातपुड्याच्या पायथ्याच्या भिलाला आदिवासींच्या एका पाड्यावर. तिथल्या लोकांच्या कसत्या जमिनीत वनखात्यानं झाडं लावायला खड्डे खणले, तरी कोणी ओरडलं नाही. अन्यायानंतरची शांतता वाईट, असं हे म्हणायचे. त्यात काही खोटं नव्हतं. आणि आमची नीरजा त्याच पाड्यावर शिक्षिका, तिथंच राहणारी. त्यामुळे यांच्या अभ्यासात बापाची धास्ती मिसळली होती.

एका बाजाराच्या दिवशी पाड्यावरचं कोणीच खाली उतरलं नाही. नीरजाचा फोन लागेना. वेशीवर दोर बांधलाय, कोणाला आत सोडत नाहीत, असं कळलं. यांच्या पुस्तकातली सगळी लक्षणं जुळली.

मी सांगून पाहिलं. रोगराई येऊ नये म्हणून ते लोक एक दिवस गाव बांधतात, देवीला पुजतात, त्या दिवशी ये-जा बंद, हे नीरजानंच मागे जेवताना सांगितलं होतं. तेव्हा हे पेपर वाचत होते. आता म्हणाले, पोरगी आत आहे, आणि पोलिसातल्या जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला.

गाडी गेली. दोर तोडून थेट पूजेत घुसली. मग दगड आले, लाठ्या चालल्या, पाड्यावरची तरणी पोरं उचलून नेली. संध्याकाळी चॅनेलवाले घरी आले, तुम्हाला आधीच कसं कळलं विचारायला. हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मला त्यांची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी नीरजा बॅग घेऊन आली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

"बाबा, गाव बांधते तवा बाहेरच्याले आत ठेवत नाहीत," ती म्हणाली. "या वर्षी मले ठेवलं होतं. पाड्यावरच्या सोजराबाईनं सगळ्यांले सांगतलं, बाई आपलीच हाय."

 यांनी हळूच विचारलं, "तुले परत घेतील का ते?"

"तुमीच सांगा," नीरजा म्हणाली. "तुमाले तं आधीच कळते."