एकोणिसाव्या दिवसाची नाडी

वेंडेलच्या मानेवरची शीर दीड सेकंदाला एकदा उचलली जात होती. न्याहारीच्या टेबलापलीकडून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी मोजत होते. मग एकदा ती तीन सेकंद उचललीच नाही.

"एकोणचाळीस!" वेंडेलने, माझ्या नवऱ्याने, मनगटी घड्याळावरचा नाडीचा आकडा लोर्नाला दाखवला. "महिन्यापूर्वी अठ्ठावन्न होते."

"आता कासवांच्या शर्यतीत नाव घाल," लोर्ना म्हणाली. ही आमची शेजारीण. दर गुरुवारी सकाळी टॉवेल गुंडाळून येते आणि आमच्या ओकलंडच्या घरामागे ठेवलेल्या बर्फाच्या टबात ती आणि वेंडेल आळीपाळीने बसतात.

नाडी मंदावली की बर्फात बसणाऱ्या या मंडळींत टाळ्या पडतात. हृदय कसलेलं झालं, असं मानतात. वेंडेल एका मुळाचा अर्क स्वतःवर तपासत होता. तीस दिवस, रोज एक कॅप्सूल. आत अर्क आहे की तांदळाचं पीठ, हे त्याला कळू नये म्हणून कॅप्सूल मी भरल्या होत्या आणि महिनाभर न सांगण्याचं वचन दिलं होतं. मागचा प्रयोग माझ्या चेहऱ्यावरून फुटला. तेव्हापासून कॅप्सूल गिळताना तो माझ्याकडे पाठ करतो.

चौदाव्या दिवशी तो जिन्यात कठडा धरून थांबला. "झोप कमी पडली," म्हणाला. त्या दुपारी मी माझ्या कामाच्या ठिकाणी, प्रयोगशाळेत बसून अर्कावरचे शोधनिबंध शोधले. माणसांवरचे तीनच सापडले, आणि त्यांतलं प्रमाण वेंडेलच्या कॅप्सूलच्या निम्मं होतं. तरी मी गप्प राहिले. त्याच्या चार महिन्यांच्या तयारीवर पाणी कोणी ओतायचं? रात्री मात्र त्याच्या छातीवर हात ठेवून जागी राहू लागले.

आज एकोणिसावा दिवस. तो उठला, टेबलाची कड पकडली, डोळे मिटून क्षणभर तसाच उभा राहिला. ओठ राखाडी दिसत होते.

"अशी काय बघतेस गं?"

"तिच्याकडे बघू नकोस रे, निकाल फुटेल," लोर्ना हसली.

तोही हसला आणि मागचं दार उघडून पायरी उतरला. गार पाण्यात तोंड बुडवलं की नाडी आणखी उतरते, हे मीच त्याला शिकवलं होतं. मी दाराकडे धावले.

"वेंडेल, टबात उतरू नकोस."

"अगं, अकराच दिवस राहिलेत..."

"ते पीठ नाहीये. पहिल्या दिवसापासून तू अर्कच घेतोयस. प्रयोग संपला. लोर्ना, अँब्युलन्स बोलाव."