शिवकांताचं फोल्डर

गौरीशंकरची बायको शिवकांता वारली, त्याला महिना झाला होता. त्या सकाळी तामलवाडीहून अयोध्याबाईंचा फोन आला.

"गौरीशंकर दादा, शेळीचं पोट फुगलंय. ॲपचं बटण दाबून दाबून बोट दुखाय लागलं, पर त्यातल्या वहिनी बोलंनात!"

"रेंज नसल."

"हाय की. तुमचं बाजारभावाचं ॲप बरं चालतंय!"

गौरीशंकरनं त्यांना आधी डॉक्टरला बोलवायला सांगितलं आणि धाराशिवच्या घरी लॅपटॉप उघडला. शेळ्यांच्या निगेबद्दलची, शिवकांताच्या आवाजातली त्रेचाळीसच्या त्रेचाळीस रेकॉर्डिंग गेली होती.

बाजारभावाचं, दूध संकलनाचं आणि शिवकांताचं शेळ्यांचं अशी तिन्ही ॲप त्यानं एकाच रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या एकाच साठ्यात, ठेवली होती. एका फोल्डरमध्ये एक ओळ बदलली तरी क्लाउडवर तिन्ही नव्यानं चढायची आणि जुन्या सर्व्हरवर साठवलेलं सगळं पुसलं जायचं. म्हणून आधी तिची रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उतरवून घ्यायची, काम झालं की परत चढवायची, अशी त्याची रीत होती. लॅपटॉपमध्ये जागा नसल्यानं उतरवलेली प्रत तो लगेच काढून टाकायचा.

शिवकांता स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "अहो, आधी माझी रेकॉर्डिंग काढून घ्या!" मग चिडायची, "तुमच्या सोयाबीनचा भाव बदलला की माझ्या शेळ्यांना कशाला आंघोळ? माझं फोल्डर येगळं करा की एकदाचं."

"उद्या करतो," तो म्हणायचा. काम तासाभराचं होतं. दोन वर्षं तो 'उद्या करतो' असंच म्हणत राहिला.

काल त्यानं सोयाबीनच्या भावाचं पान दुरुस्त केलं आणि थेट क्लाउडवर चढवायचं बटण दाबलं. स्वयंपाकघरातून कुणी ओरडलं नाही.

दुपारी अयोध्याबाईंचा परत फोन आला. शेळी वाचली होती. "दादा, वहिनींचं एक बोलणं माझ्या मोबाइलात हाय. करडाला चीक कधी पाजायचा, ते. धाडते."

त्यानं ते ऐकलं. व्यालेल्या शेळीचा चीक करडाला तासाभरात पाजा, उशीर करू नका, असं ती सावकाश सांगत होती. शेवटी जरा लांबून तिचाच आवाज आला, "अहो, झालं का? बंद करा की आता."

ते एक रेकॉर्डिंग त्यानं ॲपवर चढवलं. प्रत या वेळी लॅपटॉपवरच ठेवली. बाकीची बेचाळीस कुणाकडेच नाहीत.

फोल्डर वेगळं करायचं अजून राहिलंच आहे.