सावडीची फेड

थोरल्या लेकीचं, सीमाचं लग्न झालं ते साल एकोणीसशे त्र्याण्णव. त्याच दिवाळीनंतर तिसगावचा सहादू आणि त्याची बायको आक्काबाई श्रीरामपूरकडं ऊसतोडीला गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि कोयत्यामागं रोज एक बैलगाडी भरायची, हा मुकादमाचा नेम. दोन दिवस गाडी रिकामी दिसली की तो बैल सोडून नेई अन् माणसं गावाकडं धाडी.

पौष लागला आणि आक्काबाईच्या पायावर कोयता बसला. उभं राहवेना. सहादू एकटा दोघांचं तोडू लागला. कोयता बोथट झाला तरी धार लावायला थांबेना, एका उसाला तीन-तीन घाव घाली. चौथ्या दिवशी त्याला भाकरीचा तुकडा धरवेना. मधूनच छाती दाबून धरायचा. विचारलं की म्हणायचा, काही नाही.

शेजारच्या खोपीतली भागूबाई सतरा हंगाम तोडलेली. तिनं सावड सुचवली. तीन कोयते एकत्र लावायचे. कुणी तोडायचं, कुणी मोळ्या बांधायच्या, कुणी गाडी भरायची. आक्काबाईनं बसल्या जागी मोळ्यांसाठी वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, बंध वळायचे, कोयत्यांना धार लावायची. दुपारी सगळ्यांनी तासभर आडवं व्हायचं. सहादूनं साफ नाही म्हटलं. लोकांच्या घामावर त्याला गाडी भरायची नव्हती. तेव्हा आक्काबाईच रांगत भागूबाईकडं गेली आणि त्याला न विचारता होकार देऊन आली.

"बैल दमला तं सोडतो त्यो," भागूबाई सहादूबद्दल म्हणाली. "सोताला कवा सोडायचा?"

पहिल्याच दिवशी तिन्ही गाड्या उन्हं कलायच्या आत भरल्या. आक्काबाईला वाटलं, निभावलं. पण सावड फेडावी लागते, आणि सहादूच्या हिशेबी त्याच्याकडून एक माणूस कमी होतं. दुपारी सगळी आडवी झाली की तो उठून एकटाच मोळ्या वाहायचा, एकीच्या जागी दोन.

आक्काबाईनं त्याचे पाय धरले. "टेका वाईच. तुमच्या वाट्याचं मी वळतीया की."

"बसून केलेलं काम कोन धरतं?"

"भागूबाई धरती. इचारा तिला."

भागूबाईनंही सांगितलं, हिच्या बंधांनी अन् धारेनं निम्मा वेळ वाचतो, आम्ही हिला पुरं माणूस धरलंय. तो नुसता हसला आणि मोळीखाली वाकला.

सहाव्या दुपारी गाडीला लावलेल्या फळीवर तो मधेच खाली बसला. आक्काबाई बंध टाकून फुफाट्यातून रांगत त्याच्यापाशी गेली, हाका मारत राहिली.

सहादू वारला तो तेवीस जानेवारी एकोणीसशे चौऱ्याण्णव, रविवारी, भर दुपारी. वय एक्केचाळीस.