प्लग काढल्यानंतर

सासऱ्यांचा पारा चढला की घरातले सगळे आपापल्या कामाला लागत. पण आज समोर जावई होता, आणि जावयाला अरेतुरे करायची सोय नव्हती.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

जावई भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. उजव्या हाताची बोटं भाजली होती. सासऱ्यांच्या हॅम रेडिओचा, म्हणजे परीक्षा देऊन लायसन्स घेतल्यावरच वापरता येणाऱ्या हौशी बिनतारी संचाचा, जुना अँप्लिफायर त्याने दुरुस्तीसाठी उघडला, प्लग काढलाय म्हणून बिनधास्त आत हात घातला. पण आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून होती. तिने त्याला खुर्चीसकट मागे फेकलं.

"प्लग काढला होता मी," तो पुटपुटला.

"प्लग काढला तरी वीज आत राहते, हे परीक्षेत नव्हतं? लायसन्स काय लॉटरीत लागलं तुम्हाला?"

"उत्तरं पाठ केली, पास झालो, विसरलो. सगळेच विसरतात!" आता त्याचंही डोकं फिरलं. "तुम्हाला तरी आठवतं का? सांगा, कॉइलचं इंडक्टन्स कसं काढतात?"

सासऱ्यांनी तोंड उघडलं. हॅम क्लबात लायसन्सच्या परीक्षेला बसणाऱ्यांना ते दर रविवारी हेच शिकवत. पण सूत्र काही केल्या आठवेना.

"ते मी पुस्तकात बघतो."

"मग मीही बघेन!"

"बघा की! हात आत गेल्यावर पान उलटायला वेळ मिळाला का?"

तेवढ्यात मुलगी गाडीची किल्ली घेऊन आली. "बाबा, पुरे! तुमच्या वर्गात मीही बसलेय. ज्यात चुकलं तर रेडिओत नुसती खरखर होते आणि ज्यात चुकलं तर माणूस जातो, दोन्ही तुम्ही एकाच सुरात घोकून घेता. त्यातलं काय विसरून चालेल, हे कोणी सांगायचं?" मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तू हसू नकोस. ऊठ. हृदय तपासून घ्यायचंय."

दोघं गेली. सासरे धुमसत उघड्या डब्यासमोर बसले. लाकडी दांड्याला बांधलेली अर्थिंगची वायर त्यांनी कपॅसिटरला टेकवली. चट्ट! उरलीसुरली वीज ठिणगी होऊन निघून गेली आणि तेही दचकले. जावयाचा राग होताच, पण मुलीचं बोलणं जास्त झोंबत होतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "ठीक आहे तो. हातावर मलमपट्टी केलीय."

"उद्या पाठव त्यांना इकडे."

"कशाला? ओरडायला?"

"हो, ओरडायला," ते ओरडलेच. "आणि तो डबा कसा उघडायचा, ते दाखवायला."