गंजीची टोकं

दीपालीने टेप गुंडाळली आणि आकडे वहीत उतरवले. कडब्याची गंज तळाला तीस फूट लांब, बारा फूट रुंद. उंचीही बाराच. वर छपरासारखी निमुळती होत गेलेली, माथ्याची धार अठरा फुटांची.

कडबा मृगापर्यंत, म्हणजे अजून एकशे दहा दिवस पुरला, तर म्हातारा बैल मोऱ्या राहील. नाहीतर रविवारी बाजारात, असं तिचा नवरा रामहरी म्हणाला होता. गणिताच्या बाईंनी, म्हणजे दीपालीने, काढलेला आकडा बापलेकांनी मानायचा, असं ठरलं. सासरे बब्रुवान हो म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठले.

"घनफुटाला एक पेंढी बसते ना, मामा?"

"बसती."

"मग एवढ्याच लांबी-रुंदी-उंचीच्या पेटीच्या निम्म्या धरल्या तर दोन हजार एकशे साठ. तीन जनावरांना रोज अठरा... एकशे वीस दिवस! राहिला तुमचा मोऱ्या."

बब्रुवान गंजीभोवती एक फेरी मारून आले.

"न्हाय पोरी. मधलं निम्मं, ते बराबर. पर टोकं तू उभी धरलीस, ती उतरती हायेत. दोन्ही टोकं काढून एकमेकाला भिडव. खाली चौकोन, वर शेंडा. त्यात पेटीचा तिसरा हिस्साच मावतो."

दीपालीने पुन्हा मांडलं. मधले बाराशे शहाण्णव, टोकांचे पाचशे शहात्तर. एकशे चार दिवस, मृगाला सहा कमी. सूत्राने ताडून पाहिलं, तर पेंढीचाही फरक नाही! एक तृतीयांशच का, हे दहावीची पोरं दरवर्षी विचारत आणि ती सूत्र लिहून मोकळी व्हायची. इथे अंगठा उठवणाऱ्या माणसाने ते हातांनी शोधून काढलं होतं.

"तिसरा हिस्सा कुणी सांगितला तुम्हाला?"

"कोन सांगतंय? चाळीस वर्सं मोजून रचतोय. दरसाल तेवढंच भरतंय."

"पण मामा, मी चुकलेच होते. तुम्ही गप्प बसला असता तर..."

"गंज म्याच रचलीया. तिच्यात न्हाय ते हाय कसं म्हणू?"

तेवढ्यात रामहरी गोठ्यातून आला. "किती भरले?"

दीपालीने वही मिटली. तिला एकशे वीस म्हणायचं होतं.

"एकशे चार," बब्रुवान म्हणाले, आणि मोऱ्याला धुवायला बादली घेऊन हौदाकडे गेले.