पांढऱ्या पानाचा रोग

मी भूतकेस बोलतोय. नावाला घाबरू नका, मी कुणाला धरत नाही. पुरुषभर उंचीचं झुडूप आहे मी. पानं समोरासमोर, कोवळ्या फांद्यांवर लव. आमचं मूळ बिऱ्हाड जंगलाच्या कडेला, ओढ्याकाठी. अर्धं ऊन, अर्धी सावली आणि पायाशी ओल मिळाली की आम्ही खूश.

माझं फूल केशरी, चांदणीसारखं, पण एवढंस्सं. फुलपाखराला ते लांबून दिसणार कसं? म्हणून काही फुलांखालचं एक दल वाढून पानाएवढं होतं, पांढरंशुभ्र. लोक त्यालाच फूल म्हणतात. म्हणोत बापडे.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी ओढ्यावरच्या दोन झुडपांच्या फांद्या आणून प्रयोगशाळेमागे लावल्या. एक मी, दुसरी माझी शेजारीण. पराग माझे आणि फळं तिला. आमच्यात हे एकट्याचं काम नाही. पुढे रस्ता रुंद झाला आणि ओढ्याकाठचं आमचं सगळं गणगोत गेलं. शेजारणीचं बी तिकडे पुन्हा पेरायचं, असं बाईंनी ठरवलं होतं.

त्या पावसाळ्यात बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि नवे माळीकाका आले. कामाला वाघ माणूस. पण त्यांच्या जास्वंदीला पांढरा मावा लागला होता, आणि आम्ही नेमके तेव्हाच फुललो. रोग रेड्याला, औषध पखालीला! त्यांनी शेजारीण मुळासकट उपटली आणि जाळलीसुद्धा. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी कुदळ माझ्या बुंध्याशी आली, तेवढ्यात बाई परतल्या.

"काका, अहो काय करताय?"

"पानं पांढरी पडलीत, बाई. रोग पसरायला नको."

"याचं फूलच तसं असतं. दुसरं झुडूप कुठंय?"

काकांनी राखेकडे बोट दाखवलं. बाई राखेपाशी गेल्या, मग माझ्याकडे वळल्या. "आता हे नुसतंच फुलेल," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून दर सुट्टीला काका माझं एक पांढरं दल खिशात घालून डोंगराकडे जातात, वाटेत भेटेल त्याला दाखवतात. संध्याकाळी माझ्यापाशी येऊन म्हणतात, "नाही रे, आजपण नाही."

मी फुललोय. फुलपाखरं येतात, पराग घेऊन जातात, पण ते पोचवायचे कुणाकडे? तुमच्याकडच्या एखाद्या ओढ्याकाठी हिरव्या झुडपात पांढरं पान दिसलं, तर रोग समजू नका. आमच्या काकांना निरोप द्या. कितीही लांब असलं तरी ते चालत येतील.