वर्गाने दहापर्यंत मोजलं

हंगयांग या चिनी शहरात सहा वर्षं काढल्यावर झोलेकाला वाटायला लागलं होतं, की आपल्याला इथलं सगळं कळतं. असं वाटायला लागलं की माणूस तोंडावर आपटतोच. ती दक्षिण आफ्रिकेची. एका खासगी शाळेत तिसरीला इंग्रजी शिकवायची, पोरं तिला झुओबाई म्हणायची. सकाळी शाळेसमोर क्वांगच्या दुकानात तांदळाच्या शेवया खायच्या आणि मग वर्गावर जायचं. क्वांगची मुलगी शिन्युए तिच्याच वर्गात होती, म्हणून तो बाईंच्या वाडग्यात रोज एक तळलेलं अंडं फुकट सोडायचा.

मंगळवारी चाचणीत शिन्युएने शेजारणीचं बघून लिहिलं. संध्याकाळी झोलेकाने पालकांच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या: शिन्युएने आज कॉपी केली, घरी जरा समजावून सांगा. शहाण्याला शब्दाचा मार, अशी तिची भाबडी समजूत. पण तो शब्द त्रेचाळीस घरांत जाऊन पडला, आणि त्यातली निम्मी घरं क्वांगकडेच शेवया खायची. चार लोकांत कापलेलं नाक चार लोकांतच चिकटवावं लागतं, हे तिला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी दुसऱ्या तासाला क्वांग वर्गात शिरला. एका हातात पोरीची मानगूट, दुसऱ्यात कोंबडीच्या पिसांचं झटकणं. पिसं मुठीत, वेताची दांडी बाहेर. कुणी काही म्हणायच्या आत त्याने ती पोरीच्या पोटऱ्यांवर ओढली. मग परत ओढली. लाल वळ उठले, एक फुटला.

"बाई, चूक माझीच. मलाच वळण लावता आलं नाही," हात न थांबवता तो म्हणाला.

"अहो, सोडा तिला," झोलेका मध्ये पडली. एक फटका तिच्याच मनगटावर बसला.

दारातून मदतनीस फूबाई म्हणाल्या, "तुम्ही पडू नका हो त्यात. घरचा मामला आहे."

क्वांग थांबला. त्याने कपाळाचा घाम पुसला आणि ते झटकणं दोन्ही हातांवर घेऊन, वाकून, झोलेकापुढे धरलं. "घ्या. तुम्ही मारा. दहा फक्त. बाईंच्या हातचं लागलं की पोर सुधारतं."

"मी मुलांना मारत नाही."

"मग वीस मी मारतो. घरी नेऊन."

झोलेकाचं एक बोट वाकडं होतं. ती नऊ वर्षांची असताना हेडमास्तरांच्या काठीने मोडलेलं. त्याच दिवशी तिने शपथ घेतली होती, की पोरावर कधी हात उचलायचा नाही. आता शपथ पाळली तर पोरगी मरेल, असं तिला खरंच वाटलं. तिने दांडी घेतली आणि शिन्युएच्या तळव्यावर हलकेच टेकवली.

"माश्या हाकलताय का, बाई?" असं म्हणून क्वांगने पोरीच्या अशी मुस्कटात ठेवून दिली, की ती बाकाच्या कडेवर आपटली. ओठ फाटला. एक दात फरशीवर पडला. तिला उभं करत तो वर्गाकडे वळला. "पोरांनो, मोजा. बाईंनी शिकवलंय तसं."

आणि वर्ग मोजायला लागला, इंग्रजीत, एका सुरात, रोज मोजायचा तसाच.

वन. टू. झोलेकाने मारलं. क्वांगला पटेल असं मारायचं, तर खरंच मारावं लागत होतं. थ्री. फोर. क्वांगचा राग, फूबाईंचा राग, स्वतःच्या त्या दोन ओळींचा राग, सगळा दांडीत उतरला. राग कुणाचा आणि तळवे कुणाचे. सेव्हन. एट. पिसं गळून तिच्या बुटांवर पडत होती. टेन.

वर्ग गप्प झाला. दांडी मात्र आणखी एकदा पडली. आणि आणखी एकदा.

शेवटी क्वांगनेच तिचं मनगट धरलं. "झाले, बाई. दहा केव्हाच झाले."

दुसऱ्या दिवशी पोरगी कशी आहे ते बघायला ती दुकानात गेली. गिऱ्हाइकं भरलेली. क्वांग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या बाई आता परक्या नाहीत हो. आपल्यातल्याच."

वाडगा शिन्युए घेऊन आली, हातांना फडकी बांधलेली. आत दोन अंडी होती.  पोरीच्या केसांवरून फिरवायला झोलेकाने हात उचलला.

शिन्युएने वाडगा टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळवे पुढे केले.